एक झाकण दूध

ॲलिशा: कालच्यासारखं परत आणलंत का, एवढंच सांगा आधी.

एडना: दार पुरतं लोटून घे. मी हितंच पायरीवर बसते. तोंडाला फडकं हाय ना तुझ्या?

ॲलिशा: आहे. मम्मी, दूध घेतलं का त्यांनी?

एडना: आइसबॉक्स रिकामा आलाय.

ॲलिशा: रिकामा म्हणजे? ओतून दिलं?

एडना: न्हाय गं बाय. चार बाटल्या वर गेल्या. मिनल सिस्टर सोता खाली येऊन घेऊन गेली.

ॲलिशा: मी पाच दिल्या होत्या.

एडना: पाचवीचं मागनं सांगते. मधूनच सांगितलं तर तू माझ्यावर चिडशील. सुरवातीपासून ऐक.

ॲलिशा: डॅडी कुठे आहेत?

एडना: विहिरीवर बसलाय. घरात ये बोल्ले, तर नको बोल्ला. त्याचं पण मागनं सांगते. चहा दाराशी ठेवलाय, मी उठून लांब गेले का घे.

ॲलिशा: नंतर घेईन. तुम्ही सांगा.

एडना: काल काय झालं ते तुला ठाऊकच हाय. वॉचमन बोल्ला, ऊपर से ऑर्डर है, बाहर का कुछ नहीं जाएगा. तुझा सासरा तसाच मागं फिरला. चाळीस वर्सं दर्यात काढली, वादळात बोट आणली ह्या माणसानं, पण हास्पिटलच्या दारात गेला का त्याचं मांजर व्हतं. आपलं पोर त्यांच्या हातात हाय, उलट बोलू नये, हेच त्याचं. म्हणून आज मी संगं गेले. बसमधी मी त्याला सांगितलं, आज मी बोलते, तू नुसता बॉक्स धर.

ॲलिशा: आणि तुम्हीच बोललात?

एडना: कशाला बोलते मी. आत गेले नी माझीच दातखीळ बसली. खाली लॉबीत समदे जमलेले, आतल्या पोरांचे आईबाप. सहा पोरं आत, त्यातल्या चौघांना धरलंय. मॅनेजर मधी उभा राहून सांगत व्हता, व्हायरस हाय, तो आर का काय तो…

ॲलिशा: आरएसव्ही.

एडना: तोच. मोठ्या माणसाला झाला तर सर्दी-पडसं, आठवडाभर नाक गळतं नी जातं. पण ही पोरं दिवस भरायच्या आधी आलेली, दीड-दीड किलोची, त्यांच्या छातीत बसतो. म्हणून आयांना बंद, बापांना बंद, दूध पण बंद. पावडरचं दूध चालू करणार बोल्ला.

ॲलिशा: डॉक्टर मॅडमनी मला स्वतः सांगितलं होतं. बाळाला हात लावू नकोस, पण दूध काढत राहा, आत्ता तेच तिचं औषध आहे. फोनवर मिनल सिस्टर पण तेच म्हणाली.

एडना: तुझा सासरा तेच बोल्ला त्याला. अगदी हळू बोल्ला, टोपी हातात घेऊन. मॅनेजरनं त्याच्याकडं न्हाय, बॉक्सकडं बघितलं. निळा आइसबॉक्स, वर माझ्या गेविनच्या बोटीचा नंबर रंगवलेला. बोल्ला, मच्छीच्या डब्यात पोरांचं दूध आणता?

ॲलिशा: तीनदा उकळत्या पाण्याने धुतला होता तो. बाटल्या वेगळ्या पिशवीत होत्या.

एडना: ते आपल्याला ठाऊक. तिथं दोन बायांनी नाकाला पदर लावला. नी मागनं कोणतरी बोल्लं, हेच ते उत्तनवाले, ह्यांचीच सून सर्दी घेऊन आत बसायची, हिनंच आणलं समद्यांना.

ॲलिशा: असं म्हणाले?

एडना: असंच. मी खोटं कशाला सांगू. नी तुझा सासरा खाली मान घालून उभा. मना वाटलं, झालं, आता हा मागं फिरणार कालच्यासारखा. तेवढ्यात मॅनेजर बोल्ला, काका, घेऊन जा ते, ह्या मुलांना ते विष आहे.

ॲलिशा: विष?

एडना: तो शब्द काढला नी म्हाताऱ्यानं मान वर केली. बॉक्स उचलून त्या काउंटरवर ठेवला. झाकण काढलं. वरची बाटली घेतली, बूच उघडलं, नी…

ॲलिशा: नी काय?

एडना: बाटलीच्या झाकणात ओतलं नी प्याला.

ॲलिशा: किती?

एडना: काय किती?

ॲलिशा: किती प्यायले?

एडना: झाकणभर. एकच.

ॲलिशा: एक झाकण म्हणजे पाच एमएल. तिला दर दोन तासांनी दहा देतात, नळीने. अर्धं जेवण झालं ते.

एडना: मना काय ठाऊक तुझं ते एमएल.

ॲलिशा: आणि बूच उघडलेली बाटली सिस्टर घेणारच नाही.

एडना: न्हाय घेतली. हात जोडून सॉरी बोल्ली, पण उघडलेली चालत न्हाय बोल्ली.

ॲलिशा: तीस एमएलची बाटली होती ती, मम्मी. ताप होता तेव्हा काढलेलं. दोन्ही बाजूंचं मिळून तासभर बसले होते मी.

एडना: म्हणूनच तो विहिरीवर बसलाय. बसमधनं उतरल्यावर एवढंच बोल्ला, सुनेचं दूध प्यालो, कुठं तोंड दाखवू.

ॲलिशा: प्यायल्यावर काय म्हणाले ते? तिथे, सगळ्यांसमोर.

एडना: हा बोल्ला, 'मी अडुसष्ट वर्सांचा हाय. माझ्या नातीच्या ताटातलं घेतलं, देव मना माफ करो. आता मी हितंच बसतो. मना काय झालं तर बाकीच्या बाटल्या फेका. न्हाय झालं तर वर न्या.' नी बसला खाली. फरशीवर, मांडी घालून, बॉक्स मांडीवर.

ॲलिशा: डॅडींनी असं केलं.

एडना: पंचेचाळीस वर्सं संसार केला, मना हा माणूस आज कळला.

ॲलिशा: मग?

एडना: मग मॅनेजरनं वॉचमनला सांगितलं, इनको बाहर निकालो. वॉचमन दोन पावलं आला नी थांबला. म्हाताऱ्या माणसाला हात कसा लावणार. तेवढ्यात एक बाई उठली कोपऱ्यातून. ती दुर्गा, सिल्व्हर पार्कवाली. तुझ्या पोरीच्या शेजारच्या काचेच्या पेटीत जिचा पोरगा हाय.

ॲलिशा: मशीनवर आहे तो. सगळ्यात आधी त्यालाच झालं.

एडना: तीच. ती बोल्ली, मी कालपासनं बेसिनमधी पिळून टाकतेय, माझं पण दूध वर जायला पाहिजे. नी येऊन बसली म्हाताऱ्याच्या बाजूला, खाली. तिच्या मागनं अजून एक जोडपं बसलं. मग मी बसले. नाकाला पदर लावणारी बाई होती ना, ती पण येऊन बसली. समद्यात शेवटी, पण बसली.

ॲलिशा: डॉक्टर मॅडम कुठे होत्या?

एडना: वर, पोरांजवळ. तिला कोणीच काय सांगितलं नव्हतं. मिनल सिस्टरनं जाऊन सांगितलं तवा आली खाली, तशीच, डोक्याला टोपी, पायात त्या निळ्या पिशव्या. बोल्ली, मला वाटलं आयांचं दूधच आटलं म्हणून कोण पाठवत न्हाय. मग तिनं आपली बाटली घेतली नी चिठ्ठी वाचली. तू वेळ लिहिली व्हतीस ना प्रत्येकीवर?

ॲलिशा: तारीख, वेळ आणि किती एमएल.

एडना: तिनं ती चिठ्ठी मॅनेजरच्या तोंडासमोर धरली. बोल्ली, एवढं बरोबर तर आमच्या वॉर्डात पण लिहीत न्हाईत. उद्यापासनं बाटल्या हास्पिटलच्या, सकाळी आठ ते नऊ गेटवर द्यायच्या, सिस्टर येऊन नेणार. समद्या आयांच्या. दारावर कागद लावला तिनं सोता.

ॲलिशा: आणि बाळ? बाळाचं काय म्हणाल्या?

एडना: हवेची नळी हाय नाकाला अजून. पण काल होती तशीच हाय, खाली गेली न्हाय. हे असं बोल्ली, जशीच्या तशी. माझ्यादेखत ती नर्स चार बाटल्या घेऊन जिन्यानं पळत गेली. लिफ्टला पण थांबली न्हाय.

ॲलिशा: बरं.

एडना: आता चहा घे.

ॲलिशा: घेते. तुम्ही जरा मागे व्हा… झालं. अजून काहीतरी आहे, मम्मी. तुमच्या आवाजावरून कळतं.

एडना: कागद हाय एक. निघताना मॅनेजरनं समद्यांना दिला. सही करून उद्या आणा बोल्ला, आईची सही. इंग्लिशमधी हाय. दाराखालनं सरकवते.

ॲलिशा: द्या.

एडना: नीकेतनं तिथंच केली. घोडबंदरचा तो, बायको बाळंतपणानंतर उठू शकत न्हाय त्याची, संचिता. तिच्या वतीनं तोच करून मोकळा झाला. वाचलं पण न्हाय. पोर खिडकीजवळच्या पेटीत तडफडतंय, तो काय वाचणार. काय लिहिलंय?

ॲलिशा: लिहिलंय की हा संसर्ग बाळाची आई किंवा घरच्यांकडून आत आला. हे आम्हाला मान्य आहे. त्याला हॉस्पिटल जबाबदार नाही.

एडना: तू गुरुवारी आपल्या तोंडानं दारात सांगितलंस ना, माझा घसा दुखतोय, मी आत येत न्हाय म्हणून. तेच धरून बसलेत ते.

ॲलिशा: गुरुवारी मी सांगितलं. आणि दुर्गाच्या मुलाचं नाक सोमवारीच भरलं होतं. मी शेजारी होते, मी बघितलं. सोमवारी त्याला, मंगळवारी आणखी एकाला. मग माझ्यामुळे कसं?

एडना: तेच मी दुर्गाला सांगितलं. रिक्षा स्टँडवर. तिला जरा झापायलाच गेले व्हते, तुझा पोरगा आधी नी नाव माझ्या सुनेचं म्हणून. तर ती रडायला लागली. बोल्ली, आजी, माझ्यामुळंच झालं असणार. तिची मोठी मुलगी बालवाडीतनं सर्दी घेऊन आली व्हती. तिच्याकडनं हिला. नाक गळत व्हतं तरी दोन दिवस लपवलं, तसंच पोराला छातीशी धरलं. सांगितलं असतं तर आत सोडलं नसतं म्हणून. दापोलीची माणसं ती, हितं कोण न्हाय तिला.

ॲलिशा: तुम्ही काय म्हणालात?

एडना: काय म्हणणार. माझं डोकं फिरलं. तू खरं बोल्लीस तर घरी बसलीस दाराआड, नी ही खोटं बोल्ली तर पोराला धरून बसली. तिच्या जवळनं उठून आले मी. उद्या त्या मॅनेजरला सांगते, दुर्गानं आणलं, तिची सही घे.

ॲलिशा: नाही सांगायचं.

एडना: का न्हाय?

ॲलिशा: कारण माझा घसा गुरुवारी नाही, बुधवारी दुखायला लागला होता. संध्याकाळी. मी तिला छातीशी घेतलेलं होतं, अंगाला अंग लावून, आणि घशात काटा टोचल्यासारखं झालं. मला कळलं. तरी मी अर्धा तास सोडलं नाही तिला.

एडना: हे मना बोल्ली न्हाईस.

ॲलिशा: कुणालाच नाही बोलले. बाळंतपणानंतर दहा दिवसांनी पहिल्यांदा माझ्या अंगावर ठेवली होती तिला, मम्मी. एवढीशी, आणि तिचा श्वास माझ्या गळ्याला लागत होता. दुर्गाने दोन दिवस लपवलं, मी अर्धा तास. फरक तेवढाच. आणि साफसफाईवाली मावशी आधीच्या आठवड्यात खोकत होती. मी विचारलं तर म्हणाली, सुट्टी घेतली तर दुसरीला ठेवतील. कुणी आणलं ते कुणाला माहीत आहे? मला नाही. त्या मॅनेजरलाही नाही. पण कागदावर फक्त आयांची नावं.

एडना: ते समदं खरं. पण सही कर नी सोड, बाय. कागदानं काय अंगाला भोकं पडत न्हाईत. तो बोल्लाय, सही न्हाय आली तर सोमवारी पोरीला दुसरीकडं हलवा. नाकाला नळी असताना कुठं हलवणार? गेविन पण दर्यात, वायरलेसवर निरोप दिला तरी बोट यायला आठ-दहा दिवस.

ॲलिशा: हलवा असं लिहून दिलं त्याने?

एडना: तोंडानं बोल्ला.

ॲलिशा: तोंडानेच बोलणार. डॉक्टर मॅडमना माहीत तरी आहे का हे?

एडना: मना भीती वाटते. तुला न्हाय वाटत?

ॲलिशा: वाटते ना. पण मम्मी, ती मोठी झाली आणि तिने कधी विचारलं, तर मी काय सांगू? तुला मरणाच्या दारात ढकललं असं लिहून दिलं होतं मी?

वॉल्टर: नको करू सही.

एडना: आलास का. किती वेळ उभा हायस?

वॉल्टर: थोडा वेळ. बाय, मी काय बोलतो ते ऐक. मी इंग्लिश वाचत न्हाय. पण बोटीवर कोण मेलं, काय बुडालं, का जाळं फाटलं, तर पहिल्यांदा खलाशाचं नाव येतं. नेहमीच. मी पण लावलंय नाव, तरुणपणी, माझ्या चुकीला दुसऱ्याचं. त्या माणसाला मग कोणी बोटीवर घेतलं न्हाय.

एडना: कोण रे?

वॉल्टर: गेला तो. सोड. पोरी, सही नको करू.

ॲलिशा: डॅडी, तुम्ही आत का नाही आलात?

वॉल्टर: कसा येणार. तुझं… चूक झाली माझ्याकडनं. मनात काय वाईट नव्हतं. तो विष बोल्ला नी माझं डोकं गेलं.

ॲलिशा: तुम्ही पाच एमएल प्यायलात, आणि तीस एमएल फुकट घालवलं.

वॉल्टर: हा.

ॲलिशा: आणि सहा पोरांचं दूध चालू केलंत.

वॉल्टर: ते मॅडमनं केलं.

ॲलिशा: परत असं करायचं नाही. पुढच्या वेळी दुसरं काहीतरी करा.

वॉल्टर: न्हाय करणार.

ॲलिशा: आता मी सांगते ते करा. या कागदाच्या मागे मी लिहितेय. सोमवारी काय झालं, मंगळवारी काय झालं, बुधवारी संध्याकाळी माझा घसा दुखायला लागला आणि मी अर्धा तास थांबले, गुरुवारी सकाळी दारात सांगितलं. मावशीच्या खोकल्याचं लिहिते, पण तिचं नाव नाही घालत. शेवटी लिहिते, संसर्ग कुणी आणला हे मला माहीत नाही, तुम्हालाही नाही, म्हणून सही करत नाही. याच्या दोन झेरॉक्स काढायच्या. एक मॅनेजरला, एक डॉक्टर मॅडमच्या हातात. मॅडमच्याच हातात, दुसऱ्या कुणाच्या नाही.

एडना: बुधवारचं कशाला लिहितेस? ते कोणाला ठाऊक न्हाय.

ॲलिशा: मला ठाऊक आहे. खरं सगळंच लिहिलं तरच बाकीचं खरं वाटेल.

एडना: नी दुर्गाचं?

ॲलिशा: दुर्गाचं दुर्गा लिहील. मी फोन करते तिला. तिला नसेल लिहायचं तर नको लिहू दे, पण सही करू नको एवढं सांगते. तिचा नंबर आहे का?

एडना: रडता रडता दिलेला, मी घेतला नव्हता.

वॉल्टर: मी घेतला. सांगतो, लिहून घे.

(नऊ दिवसांनी, दुपारी. हॉस्पिटलसमोरच्या बाकावर वॉल्टर बसला आहे. ॲलिशा फाटकातून बाहेर येते.)

वॉल्टर: सोडलं आत?

ॲलिशा: सोडलं. आठवडाभर सर्दी नाही ना, असं तीनदा विचारलं. गाउन, टोपी, मास्क, कोपरापर्यंत हात धुतले. एका वेळी एकच आई.

वॉल्टर: मग?

ॲलिशा: नळी काढलीय नाकाची. काल सकाळीच. आपला आपण श्वास घेतेय. एक किलो चारशे ऐंशी.

वॉल्टर: आधी किती व्हती?

ॲलिशा: एक किलो चारशे होती, मधे उतरली होती, आता चढली. डोळा उघडला तिने एक, माझ्याकडे बघितलं आणि परत मिटला. बोअर झाल्यासारखा.

वॉल्टर: गेविनवर गेलीय. तो पण तसाच बघायचा. त्याला सांगितलंस?

ॲलिशा: बंदरावरूनच फोन आला त्याचा. मासळी उतरवून थेट इकडे येतोय. मी सांगितलं, आधी घरी जाऊन अंघोळ कर.

वॉल्टर: कागदाचं काय बोल्ले?

ॲलिशा: काहीच नाही. मॅनेजर जिन्यात दिसला, मला बघून फोन कानाला लावला. डॉक्टर मॅडमनी माझी झेरॉक्स फाइलमध्ये लावलीय, मिनल सिस्टरने दाखवली. आता स्टाफमधे कुणाला खोकला आला तर मॅडम घरी पाठवतात, खाडा न लावता. किती दिवस चालेल माहीत नाही. सिस्टर म्हणाली, बघू.

वॉल्टर: नी दुर्गाचा पोरगा?

ॲलिशा: मशीनवरून काढला परवा. ऑक्सिजन आहे अजून. तिने पण सही नाही केली, माहितीय? तिने लिहून दिलं, माझं नाक गळत होतं, मी लपवलं, कारण सांगितलं असतं तर परत कधी सोडाल ते कुणी सांगत नव्हतं. स्वतःच्या अक्षरात, मराठीत. मॅनेजर म्हणाला इंग्लिशमधे द्या. ती म्हणाली, वाचता येत नसेल तर कुणाकडून वाचून घ्या.

वॉल्टर: शाब्बास.

ॲलिशा: डॅडी, खिडकीजवळची पेटी रिकामी आहे.

वॉल्टर: घोडबंदरची?

ॲलिशा: हो. मी काही विचारलं नाही. सिस्टरच म्हणाली, रविवारी पहाटे गेला. मुलगा होता.

वॉल्टर: देवा.

ॲलिशा: दुर्गा बोललीय नीकेतशी फोनवर. तो कागद, त्याने सही केलेला, त्याची एक प्रत घरी आलीय बिलाच्या कागदांबरोबर. घरात कुणीतरी वाचून दाखवला. आता सासू म्हणते, तूच आणलंस. आणि संचिता पण तेच म्हणते. मीच आणलं, मी त्याला हात लावला म्हणून. जेवत नाहीये. दूध येतंय अजून, ते नीकेतलाच तेवढं माहीत.

वॉल्टर: ती तर उठून आत आलीच नव्हती ना? तुझी सासू बोल्ली, बाळंतपणानंतर बिछान्यातच व्हती.

ॲलिशा: एकदाच आली होती. व्हीलचेअरवरून, कुणाला काही व्हायच्या आधीच्या शनिवारी. पाच मिनिटं. पेटीच्या भोकातून हात घालून बोट लावलं तिने त्याच्या पायाला. तिला ना सर्दी, ना खोकला, काही नव्हतं. मी तिथेच होते.

वॉल्टर: मग हे तिला कोण सांगणार?

ॲलिशा: मी.

वॉल्टर: थांब जरा. बस हितं. बाय, तुझी पोर वर श्वास घेतेय. तिची गेली. तू तिच्या दारात जाऊन उभी राहिलीस, तर तिला कसं वाटेल? लोकं हाकलतील तुला. माझ्यासारख्याला बोल्ले तसं बोलतील, मच्छीवाले आले म्हणून.

ॲलिशा: बोलू दे. हाकललं तर रस्त्यावर उभी राहून सांगेन.

वॉल्टर: पोर परत यायचं न्हाय त्यानं.

ॲलिशा: माहितीय. पण ती जन्मभर तो कागद खरा समजणार, डॅडी. नीकेतने घाईत सही केली, आणि ती तिच्या उरावर बसलीय. ते खोटं आहे, आणि खोटं आहे हे बघितलेल्या फक्त आम्ही दोघी आहोत.

वॉल्टर: दोघी?

ॲलिशा: दुर्गा येतेय. म्हणाली, मी आधी बोलते, माझं नाक आधी गळत होतं.

वॉल्टर: तिचा पोरगा अजून आत हाय नी ती येते बोल्ली?

ॲलिशा: हो. पाच मिनिटांत पोचेल इथे.

वॉल्टर: तुझं पुढचं दूध कवा द्यायचं?

ॲलिशा: चार वाजता, आता आतच काढून द्यायचं. तोवर परत येऊ.

वॉल्टर: ऊन हाय. डोक्यावरनं ओढणी घे.

ॲलिशा: तुम्ही नाही आलात तरी चालेल. तुम्ही घरी जा, मम्मी वाट बघत असतील.

वॉल्टर: न्हाय. येतो मी. पण तिथं गेल्यावर तुमी दोघी बोला. मना बोलायला जमायचं न्हाय, मी नुसता मागं उभा राहीन.